इंजिन गेलं म्हणतायत? मग खोलू देण्याआधी दुसऱ्याला दाखवा, पण कसं दाखवायचं ते आधी ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी सांगलीत, २०१३ ची डिझेल डिझायर, १,४८,००० किमी झालंय. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक येते, पिकअप पडलाय, चढाला काळा धूर मारते. गॅरेजवाले म्हणाले इंजिन गेलं, हाफ इंजिन (म्हणजे वरचं हेड सोडून ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा भाग) टाकू, सगळं मिळून १,१५,०००, आणि आता रोज फोन येतोय की खोलायला घेऊ का. मिस्त्री वडिलांच्या ओळखीतला, त्यामुळे दुसरीकडे दाखवलं तर बरं दिसेल का हेही विचारलंय. कोल्हापुरात सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि हे तेराशे सीसीचं मल्टिजेट इंजिन इतक्या वेळा उतरवलंय की मोजायचं सोडून दिलं, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत डिझेलला हे यायचं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी आजच फोन करून सांगा, "अजून खोलू नका, दोन दिवसांनी कळवतो." कारण काय, की इंजिन एकदा खोललं की दुसऱ्याचं मत घ्यायला काही उरतच नाही. ऑइल प्रेशर मोजता येत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजता येत नाही, आवाज ऐकता येत नाही. दुसरा मिस्त्री येऊन बघणार काय तर ट्रेमध्ये पडलेले पार्ट, आणि त्यावर तो पण तेच म्हणणार जे पहिला म्हणाला. शिवाय खोललेली गाडी तिथून हलवायची म्हणजे मजुरी द्या, टोचन लावा, एवढी कटकट कोण करतंय, म्हणून माणूस हो म्हणून टाकतो. आणि दुसरं, ती गाडी सुरू करू नका. दिवा खरा असेल तर आयडलला चालवलेलं एकेक मिनिट क्रँकच्या बेअरिंगांवर जातंय. सांगलीहून इकडे आणायची झाली तरी टोचन करूनच, "हळूहळू चालवत आणतो" हे नको.

आता मुद्द्याचं. "इंजिन गेलं" हे काही आजाराचं नाव नाही. डॉक्टरने "माणूस बिघडलाय" म्हटल्यासारखं आहे ते. रिंगा गेल्या, का बेअरिंग गेली, का हेड वाकलं, का ब्लॉकला तडा गेला? ह्यातलं काय, आणि मुख्य म्हणजे कशावरून? हा "कशावरून" तुम्ही विचारायचा आणि उत्तरात आकडा आला पाहिजे. आवाजावरून कळतं, अनुभव आहे, असं म्हणाले तर अनुभवाला नमस्कार करा पण एक लाख पंधरा हजार देऊ नका. मीसुद्धा आवाजावरून सांगतो आणि मीसुद्धा चुकतो, ते पुढे येईलच.

तुमच्या गाडीत मला तीन वेगळ्या तक्रारी दिसतायत आणि त्या तिन्हींना मिळून एकच नाव दिलंय असं वाटतं.

पहिला तो दिवा. ऑइलचा दिवा म्हणजे मीटर नाही, ब्लॉकवर एक साधा स्विच असतो, प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेलं की दिवा लावायचा एवढंच त्याला येतं. तो स्विच स्वतः खराब होतो, त्याच्या कपलरमध्ये ऑइल शिरतं, वायर घासते. म्हणून पहिलं काम हे की स्विच काढायचा, त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं आणि आकडा वाचायचा. गरम इंजिनाला आयडलवर एक बारच्या आसपास आणि ३००० आरपीएमला तीनच्या वर मिळालं तर खालचं इंजिन ठीक आहे, स्विच बदला आणि घरी जा. (फक्त ह्या टेस्टपुरतं इंजिन सुरू करायचं, आकडा कमी दिसला की लगेच बंद.) अर्धा-पाऊण तासाचं काम आहे हे. तुमच्या गॅरेजने हे केलं का, आकडा किती आला, विचारा. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून मला शंका येतीये.

समजा गेजवर पण प्रेशर कमीच आलं. तरी लगेच बेअरिंग गेली असं होत नाही. ऑइलची काडी काढून बघा, लेव्हल वाढलीये का? वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळून डिझेल खाली उतरतंय, ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय, मग प्रेशर राहणार कुठून. ऑइल कुठल्या ग्रेडचं भरलंय, शेवटचं कधी बदललंय, फिल्टर कसला लावलाय, पंपाचा रिलीफ व्हॉल्व अडकलाय का, आणि माझा सगळ्यात आवडता संशयित म्हणजे चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली जाळी.

ह्या जाळीचं एक सांगतोच. दोनेक वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडची एक गाडी आली, हेच मॉडेल, हेच दुखणं, तिकडे हाफ इंजिनचा आकडा सांगून झालेला. गेज लावला तर गरम आयडलला काटा जवळजवळ शून्यावर. पोरं म्हणाली झालं, गेलं हे. म्हटलं चेंबर तर उतरवा. उतरवला आणि ऑइल सक्शनची जाळी बघितली तर तिच्यात करड्या रंगाच्या शेवया अडकलेल्या. हो, शेवयाच. आधी कुणीतरी ऑइल गळतंय म्हणून चेंबर काढून परत बसवताना सिलिकॉन पेस्ट बोटभर जाड लावलेली, बोल्ट आवळल्यावर ती आत दाबली गेली, आणि मग गरम ऑइलमध्ये तुटून तुटून जाळीवर जमा. त्यावर काळा गाळ बसलेला. अर्ध्याहून जास्त जाळी बंद. पंप बिचारा ओढून ओढून दमला असणार. जाळी धुतली, चेंबरचा काठ घासून स्वच्छ केला, पेस्टची बारीक एकच रेघ मारली, नवीन ऑइल, नवीन फिल्टर, आणि गरम आयडलला एकच्या वर काटा. गाडी अजून पळतीये. मालकाला त्या शेवया पिशवीत घालून दिल्या होत्या मी, घरी दाखवायला.

आता दरवेळी शेवयाच निघतात असं नाही, बऱ्याच वेळा बेअरिंग खरंच गेलेली असतात. ते ओळखायला इंजिन खोलावं लागत नाही, ऑइल फिल्टर बघायचा. ह्या इंजिनात कागदी फिल्टर येतो, बाहेरचा डबा कापायची पण गरज नाही. फिल्टर बाहेर काढायचा, निथळू द्यायचा, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरायच्या आणि उन्हात न्यायच्या. ट्यूबलाईटखाली नाही, उन्हात. चमकी दिसतीये का बघा, रांगोळीत चमकी टाकतात तशी. चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाची चमकी आणि ती लोहचुंबकाला चिकटत नसेल तर बेअरिंगचा मसाला निघालाय, तिथे मी पण म्हणेन की खाली काम आहे. नुसता काळा गाळ असेल तर घाबरायचं कारण नाही, डिझेलचं ऑइल काळंच होतं. हा फिल्टर तुमच्यासमोर काढायला लावा. फोटो काढून ठेवा, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायला तोच तुमचा एक्स-रे.

दुसरं म्हणजे टकटक. वरून येणारी बारीक टकटक आणि खालून येणारी जड ठकठक ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरच्या टॅपेटना (व्हॉल्वचं अंतर सांभाळणारे छोटे भाग, ह्यात हायड्रॉलिक असतात) ऑइल प्रेशरनेच जीव येतो, प्रेशर नाही तर ते वाजणारच. म्हणजे टकटक हा वेगळा आजार नाही, दिव्याचीच सावली आहे. थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेनच्या बाजूने खळखळ आली तर चेन किंवा टेन्शनर, ह्या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत ती ताणते. तिचा खर्च आहे पण तो इंजिन बदलायचा खर्च नाही. खालून ठकठक, रेस दिल्यावर, लोडवर वाढणारी, आणि स्कॅनरवर एकेक इंजेक्टर बंद करत गेल्यावर एका ठराविक सिलिंडरला कमी होणारी, ती मात्र कनेक्टिंग रॉडची. तिथे मी वाद घालत नाही. अर्थात खराब इंजेक्टरचा आवाज पण तसाच कमी होतो म्हणून त्याआधी इंजेक्टरचं रिटर्न (न वापरता परत येणारं डिझेल) तपासून घ्यायचं, प्रत्येकाच्या रिटर्नला एकेक बाटली लावायची आणि कुठली आधी भरते बघायची.

तिसरं पिकअप आणि काळा धूर. इथे तर मला गॅरेजचं लॉजिकच कळलं नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. रिंगा गेल्या तर ऑइल जळतं आणि धूर निळसर येतो, वास वेगळा येतो. पांढरा दाट, थांबतच नाही आणि कुलंट कमी होतंय, तर हेड गास्केटकडे बघायचं. काळ्या धुराला मी पहिल्यांदा इंटरकूलरचा पाईप बघतो, तो फाटला की टर्बोची हवा बाहेर, पिकअप गेला, धूर सुरू, कधीकधी शिट्टीसारखा आवाज पण येतो. मग एअर फिल्टर, ईजीआर (जळालेला धूर परत आत सोडणारा व्हॉल्व), नोजल म्हणजे इंजेक्टर. ह्यातलं काही असेल आणि तुम्ही हाफ इंजिन टाकलं, तर लाखभर घालवून पण नवीन इंजिन धूर मारणार, कारण पाईप जुनाच लावणार ना.

कॉम्प्रेशन टेस्टशिवाय हाफ इंजिनला हो म्हणायचंच नाही, हे माझं ठाम मत. डिझेलला साधारण २५ ते ३० बार, म्हणजे आमच्या भाषेत चारशे पाउंडच्या अलीकडे-पलीकडे. पेट्रोलला १२ बारच्या आसपास. पण एकटा आकडा बघू नका, चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. ३८०, ३९०, ३८५, ३८० आले तर दीड लाख चाललेलं इंजिन अजून तरुण आहे. ३८०, ३९०, २५०, ३८५ आले तर तिसऱ्यात काहीतरी आहे, पण ते पूर्ण इंजिन नाही, एक सिलिंडर आहे. तो व्हॉल्वमधून गळतोय का रिंगमधून, हे बघायला त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर फिल्टरकडून आलं तर इनटेक व्हॉल्व, ऑइलच्या बुचातून आलं तर रिंगा, कुलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गास्केट किंवा हेड. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल घालून परत कॉम्प्रेशन घ्यायची युक्ती चालते, वाढलं तर रिंगा. डिझेलमध्ये ती करू नका, वरची जागा इतकी कमी असते की ऑइलनेच आकडा फुगतो आणि चांगल्या-वाईटातला फरक कळत नाही. आणि एक, ही टेस्ट ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू व्हायला आत गरमी देणारा प्लग) भोकातून करतात, जुना ग्लो प्लग थंड इंजिनात जोर लावून काढला तर आत तुटतो आणि मग खरंच हेड उतरवायची वेळ येते. इंजिन थोडं कोमट असताना, हळू हाताने. घाईचा मिस्त्री असेल तर नको त्याच्याकडे.

बुचातून धूर येतोय म्हणून इंजिन गेलं, हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. डिझेलला थोडं बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा गॅस, असतंच हो. ब्रीदर (तो गॅस बाहेर काढणारा पाईप) चोक असेल तर नव्या इंजिनातून पण येईल. तेवढ्याच किलोमीटरची दुसरी डिझायर शेजारी उभी करा, तिचं बूच काढा, आणि मग ठरवा.

आता दुसऱ्याचं मत कसं घ्यायचं. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. गाडी घेऊन जातात आणि म्हणतात, "अमुक गॅरेजवाले म्हणतात इंजिन गेलं, तुम्हाला काय वाटतं?" झालं, मत विटाळलं. आता दुसऱ्या मिस्त्रीपुढे दोनच रस्ते, हो म्हणून एक लाखाचं काम स्वतःकडे घ्यायचं, नाहीतर नाही म्हणून पहिल्याला मूर्ख ठरवायचं. गाडी नीट कुणी बघतच नाही. त्यापेक्षा फक्त लक्षणं सांगा. दिवा कधी लागतो, गरम का थंड, धूर कुठला, ऑइल किती किलोमीटरवर किती टाकावं लागतं. पहिल्याने काय सांगितलं ते पोटात ठेवा. आणि आधीच सांगा की मला आज काम करायचं नाही, तपासणीचे पैसे देतो, आकडे कागदावर लिहून द्या. फुकट तपासणी मागितली तर तो ते पैसे पुढच्या कामात धरणार, मग त्याला काम निघायलाच हवं असतं.

कुणाकडे जायचं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्कॅनिंग आणि मोजमाप चांगलं होतं पण त्यांचा कल पूर्ण असेंब्ली बदलण्याकडे असतो, चोर आहेत म्हणून नाही, त्यांच्याकडे बोअर करून इंजिन बांधायची पद्धतच नाही आणि नव्या असेंब्लीला वॉरंटी देता येते. छोट्या गॅरेजवाल्याचं पण तसंच, इंजिन बांधलं आणि महिन्यात परत आलं तर नाव जातं, म्हणून तो पण हाफ इंजिन सुचवून मोकळा होतो. माझा सल्ला, सांगली किंवा मिरज स्टेशनबाहेरच्या जुन्या डिझेल डिझायरच्या टॅक्सीवाल्यांना विचारा की तुमची इंजिनं कोण बघतं. ती पोरं ह्याच इंजिनावर तीन-तीन लाख किलोमीटर मारतात आणि पैसा स्वतःच्या खिशातला असतो. त्यांचा फिटर ह्या इंजिनाच्या नसा ओळखून असतो. धूर-पिकअपसाठी वेगळा पंप-नोजलवाला गाठा.

आणि इंजिन आधीच खोललेलं असेल तर? (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.) तर मिस्त्रीला सोडा, ब्लॉक आणि क्रँक बोअरिंगवाल्याकडे न्या. इकडे उद्यमनगरात अशी दुकानं आहेत जी ऑइल इंजिनांच्या काळापासून हेच करतायत. बोअर गेज टाकून तो वर, मध्ये, खाली माप घेतो, आडवं-उभं घेतो, ह्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) मूळ ६९.६ मिमी, किती झिजलाय आणि किती लंबगोल झालाय ते कागदावर येतं. बोअरिंगवाल्याला बोअर करण्यात पैसे मिळतात हे धरूनच चाला, पण मायक्रोमीटर खोटं बोलत नाही, तुमच्यासमोर घ्यायला लावा.

दोन्हीकडून आकडे आले आणि खरंच इंजिन गेलेलं निघालं, तर वाईट वाटून घेऊ नका, पहिला मिस्त्री बरोबर होता एवढंच, त्याच्याकडेच काम द्या. मग बांधायचं, कंपनीचं हाफ इंजिन टाकायचं, का जुन्या बाजारातलं आणायचं हा हिशोब. गाडी २०१३ ची, रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, म्हणजे २०२८ ला परत पासिंग आणि ग्रीन टॅक्स आहे, तेवढं धरून गाडीत किती घालायचं ते ठरवा. जुन्या बाजारातलं इंजिन स्वस्त पडतं पण इंजिन नंबर बदलतो, तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, इन्शुरन्सवाल्यांना कळवावा लागतो, आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि बिल हातात नसेल तर ते इंजिन घेऊच नका, चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस तुमच्या दारात. नवा ब्लॉक टाकला तरी नंबरचा विषय येतोच, आधीच विचारून ठेवा. काढलेले जुने पार्ट परत मागा, ते तुमचे आहेत.

पाण्यातल्या गाड्यांचं जाता जाता सांगतो कारण दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्याकडे गाड्यांची रांग लागलेली आणि बहुतेकांना इंजिन गेलं असंच सांगितलेलं. ज्यांनी पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघितला त्यांचे रॉड वाकले, खरंच गेलं. ज्यांनी हात लावला नाही त्यांचं ऑइल काढलं, प्लग-नोजल काढून क्रँक पान्याने हाताने फिरवला, पाणी बाहेर, दोनदा ऑइल बदललं, बरीच इंजिनं वाचली. साध्या इन्शुरन्समध्ये सेल्फ मारून झालेलं हे नुकसान बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

राहिला मिस्त्रीच्या रागाचा प्रश्न. वडिलांना बरोबर घ्या, त्यांनाच बोलू द्या. "मोठा खर्च आहे, पोरगा म्हणतोय एकदा आकडे काढून घेऊ, तुमची आतापर्यंतची मजुरी सांगा" एवढं पुरे. चांगला मिस्त्री रागावत नाही. थोडा खट्टू होतो, मी पण होतो, खोटं कशाला बोलू.

बारा-तेरा वर्षं झाली असतील, एक छोटी पेट्रोल गाडी टोचन करून माझ्याकडे आली. सेल्फ मारला की टक्, आणि इंजिन जाम. बॅटरी नवी. मी पोराला म्हटलं पुलीला गोटीपाना लाव, जोर लावला, हलेना. मालकाला सांगून टाकलं, सीझ झालंय, इंजिनचं काम आहे. ते गृहस्थ काही न बोलता गाडी घेऊन उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गेले. त्याने पहिल्यांदा ब्लेड काढलं आणि पुलीवरचा बेल्ट कापला. पाना लावला, इंजिन लोण्यासारखं फिरलं. एसी कॉम्प्रेसर जाम होता, त्याने सगळंच धरून ठेवलेलं. मी बेल्ट न काढताच पाना लावला होता.

ते गृहस्थ अजून सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येतात. मी बोनेट उघडला की चहाचा कप हातात धरून शेजारी उभे राहतात आणि पोरांच्या देखत विचारतात, "काय मालक, बेल्ट काढून बघितला का?"